हुजूरपक्षाच्या पुढाऱ्यांचीं चरित्रें : आप्तवाक्य आणि अस्सल कागद

[ १ ]

इंग्लंडांतील ज्या राजकीय पक्षास आपलीं मराठी वृत्तपत्रें 'हुजूरपक्ष' म्हणत आलीं, त्याच्या पुढाऱ्यांच्या तीन प्रसिद्ध चरित्रग्रंथांचें परीक्षण प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे. जुन्या कागदांच्या अभ्यासकांपुढें हा परदेशी विषय कशाला, अशी शंका प्रथमदर्शनीं कोणी घेईल. तिचें उत्तर थोडक्यांत असें. १८४८ त राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर त्यांचा दत्तक नामंजूर होऊन साताऱ्याचें राज्य खालसा झालें. १८७५ त मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर मात्र दत्तकाच्याच वाटेनें बडोद्याचें राज्य टिकलें. प्रश्न एकाच जातीचा. पण सत्तावीस वर्षांच्या अंतरानें तो दोन निरनिराळ्या रीतींनीं सुटला. या फरकाचीं कारणें जशीं आपल्याकडील दप्तरांत आहेत, तशीं लंडनच्या मंत्रिमंडळांत वावरलेल्या माणसांच्या कागदांतही आहेत. आणि ते कागद आपणांपैकीं बहुतेकांस चरित्रग्रंथांच्या द्वारेंच ठाऊक होतात. तेव्हां हें द्वार कितपत उघडें व कितपत बंद आहे, हें पाहणें आपलें कामच आहे.

हा पक्ष जुना आहे. टोरी या नांवानें त्याचें मूळ सतराव्या शतकापर्यंत जातें. परंतु त्याच्या अर्वाचीन स्वरूपाचा आरंभ सामान्यतः सर रॉबर्ट पील याच्या १८३४ च्या टॅमवर्थच्या जाहीरनाम्यापासून धरितात. १८४६ त परदेशी धान्यावरील जकात उठविण्याच्या प्रश्नावरून पक्ष दुभंगला. पील व त्याचे अनुयायी वेगळे झाले. उरलेल्या पक्षाची धुरा लॉर्ड डर्बी, बेंजामिन डिझरेली व त्यांच्यामागें लॉर्ड सॉल्झबरी यांनीं वाहिली. वंशपरंपरागत हक्क, जमिनीची मालकी, राजपद व धर्मसंस्था यांचें रक्षण करणें हें या पक्षाचें ब्रीद. वाचकांनीं हें ब्रीद ध्यानांत ठेवावें. कारण पुढें कसोटी लावावयाची ती याच ब्रीदास.

[ २ ]

परीक्षणास घेतलेले ग्रंथ असे : मनिपेनी व बकल यांनीं लिहिलेलें डिझरेलीचें चरित्र, सहा खंड, १९१० ते १९२०, लेडी ग्वेन्डोलन सेसिल हिनें लिहिलेलें आपल्या पित्याचें, म्हणजे लॉर्ड सॉल्झबरीचें चरित्र, चार खंड, १९२१ ते १९३२, आणि विन्स्टन चर्चिल यानें लिहिलेलें आपल्या पित्याचें, म्हणजे लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलचें चरित्र, दोन खंड, १९०६.

आपल्या न्यायशास्त्रानें आप्ताचें वाक्य प्रमाण मानिलें आहे. परंतु शास्त्रांतील आप्त म्हणजे वस्तु यथार्थ जाणणारा व जाणली तशी सांगणारा मनुष्य. मराठींत आप्त म्हणजे नातलग. या दोन अर्थांची गल्लत झाली म्हणजे बखर जन्मास येते. बखरकार लबाड असतो असें नव्हे. तो धन्याचें अन्न खाल्लेला असतो, आणि त्या अन्नाचा गुण त्याच्या लेखणींत उतरतो. वरील तीन ग्रंथांपैकीं दोन तर पोटच्या मुलांनीं लिहिलेले आहेत. तिसऱ्याचे लेखक परके असले, तरी ज्या कागदांवर त्यांनीं तो रचिला ते कागद डिझरेलीनें आपल्या विश्वासू चिटणिसाच्या स्वाधीन केलेले होते. म्हणून या ग्रंथांस बखरींचे सर्व नियम लागू करणें रास्त आहे : जेथें मूळ पत्र छापिलें आहे तेथें पत्र वाचावें, जेथें लेखक बोलतो तेथें सावध असावें, आणि जेथें दोघेही गप्प आहेत तेथें अधिक सावध असावें.

[ ३ ]

प्रथम डिझरेलीचें चरित्र घेऊं. डिझरेली १८८१ त वारला. त्याचा चिटणीस माँटेग्यू कॉरी, पुढें लॉर्ड राउटन, याजकडे पत्रांचा प्रचंड संग्रह होता. परंतु १९०३ त तो वारला तरी त्याच्या हातून चरित्र झालें नाहीं. मग 'टाइम्स' पत्राच्या पुढाकारानें मनिपेनी यानें काम हातीं घेतलें. दोन खंड पुरे करून तो १९१२ त वारला, आणि उरलेले चार बकल यानें पुरे केले. एका माणसाच्या कागदांस इतकीं वर्षें वाट पाहावी लागली, हें आपल्याकडील दप्तरांच्या कैवाऱ्यांस ओळखीचें वाटेल.

या ग्रंथाची सचोटी पाहण्यास एक प्रकरण पुरेसें आहे. १८४१ त पील मुख्य प्रधान झाला तेव्हां डिझरेलीस मंत्रिमंडळांत जागा मिळाली नाहीं. १८४६ च्या मे महिन्यांत, धान्याच्या कायद्यावरील वादांत, डिझरेलीनें पीलवर विश्वासघाताचा जबर मारा केला. पीलनें उत्तर केलें कीं, माझ्याविषयीं असेंच मत होतें तर या गृहस्थानें १८४१ त माझ्या हाताखालीं काम करण्याची तयारी कां दाखविली ? त्यावर डिझरेलीनें भर सभेंत उठून, आपण जागेसाठीं कधींही याचना केली नाहीं, असें सांगितलें. कॉमन्स सभेच्या छापील वृत्तांतांत हें नमूद आहे. तेवढाच पुरावा उरला असता तर इतिहासानें डिझरेलीचा शब्द मान्य केला असता.

परंतु ५ सप्टेंबर १८४१ रोजीं त्यानें पीलला लिहिलेलें पत्र जपून राहिलें होतें. आपली उपेक्षा झाल्यास ती मानहानि सहन होणार नाहीं, तरी आपला विचार व्हावा, असा त्याचा स्पष्ट आशय आहे. आदल्याच दिवशीं त्याच्या पत्नीनेंही पीलला तशाच अर्थाचें पत्र लिहिलें होतें. पीलच्या कागदांतून हें प्रकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडांत आलें. मनिपेनीचा मोठेपणा असा कीं, नायकाची अडचण करणारीं हीं पत्रें त्यानें आपल्या दुसऱ्या खंडांत दडविलीं नाहींत, छापलीं. या एका कृतीनें त्याचा ग्रंथ बखरींच्या वर्गांतून वर चढतो. वादाच्या वेळीं तें पत्र पीलच्या पेटींतच होतें व सभ्यपणामुळें त्यानें तें वाचून दाखविलें नाहीं, ही लोकप्रिय गोष्ट मात्र आख्यायिका म्हणूनच ठेवावी. पत्र अस्सल आहे म्हणून पत्राभोवतीं जमलेली गोष्टही अस्सल ठरते असें नाहीं.

[ ४ ]

आतां साताऱ्याकडे वळूं. १८३९ त प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. त्यांची दाद लावण्यासाठीं रंगो बापूजी १८४० त लंडनला पोंचले व १८५३ पर्यंत तेथें राहिले. या काळापैकीं १८४१ ते १८४६ पर्यंत अधिकारावर पीलचें, म्हणजे हुजूरपक्षाचेंच मंत्रिमंडळ होतें. वंशपरंपरागत हक्कांचें रक्षण हें ज्याचें ब्रीद, त्या पक्षाच्या दारांत एका छत्रपतीचा वकील पांच वर्षें उभा होता. त्याला दाद मिळाली नाहीं, आणि १८४७ त प्रतापसिंह काशीस वारले. पुढच्या वर्षीं सातारा खालसा करणारा लॉर्ड डलहौसी हा पीलच्याच मंत्रिमंडळांत व्यापार खात्याचा मुख्य होता. व्हिग प्रधानानें त्याला हिंदुस्थानांत धाडलें हें खरें; पण त्याचें राजकीय शिक्षण कोठें झालें, हें विसरून चालणार नाहीं.

नऊ वर्षांनीं चित्र पालटतें. २७ जुलै १८५७ रोजीं, उत्तर हिंदुस्थानांतील उठावाच्या वार्ता लंडनला पोंचल्यावर, डिझरेलीनें कॉमन्स सभेंत कित्येक तास भाषण केलें. हा प्रकार केवळ चरबीच्या काडतुसांनीं झालेला नाहीं. देशी राज्यांचा बळजबरीनें नाश, मालमत्तेच्या व्यवस्थेंत ढवळाढवळ व लोकांच्या धर्मांत हात घालणें, हीं त्याचीं खरीं कारणें होत, असें त्यानें प्रतिपादन केलें. दत्तकाचा हक्क हिंदु समाजांत किती मूलभूत आहे हें सांगतांना त्यानें पहिलें उदाहरण दिलें तें साताऱ्याचें. जें रंगो बापूजी चवदा वर्षें सांगत होते, तें आतां हुजूरपक्षाचा पुढारी पार्लमेंटांत सांगत होता. मात्र त्या वेळीं तो विरोधी बाकांवर बसलेला होता.

चरित्रग्रंथांत हें भाषण नायकाच्या दूरदृष्टीचा दाखला म्हणून येतें. दाखला खोटा नाहीं. पण अपुरा आहे. पुढाऱ्याच्या भाषणाची परीक्षा तो अधिकारावर आल्यावर होते. सात महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी १८५८ त, डर्बीचें मंत्रिमंडळ आलें व डिझरेली खजिन्याचा मंत्री झाला. त्याच मंत्रिमंडळानें कंपनीचा कारभार संपविणारा कायदा केला, आणि त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा निघाला. त्यांत संस्थानिकांचे हक्क व तहनामे पाळण्याचें आश्वासन होतें. सातारा मात्र परत मिळालें नाहीं. जें गिळलें तें पोटांत राहूं द्यावें, पुढचा घास घेऊं नये, एवढीच या आश्वासनाची मर्यादा ठरली.

तथापि न्यायबुद्धीनें दुसरी बाजूही मांडिली पाहिजे. १८६७ त म्हैसूरच्या राजाचा दत्तक मान्य करून राज्य पुढें त्यास परत देण्याचा निर्णय झाला, तो हुजूरपक्षाचा भारतमंत्री सर स्टॅफर्ड नॉर्थकोट याच्या हातून. १८७५ त मल्हाररावांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळांत तीन इंग्रज एका बाजूस व शिंदे, जयपूरकर आणि दिनकरराव राजवाडे दुसऱ्या बाजूस, अशी समसमान फूट पडली. महाराजांस गादी सोडावी लागली, परंतु जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन सयाजीरावांस गादीवर बसविण्यांत आलें. तेव्हां मुख्य प्रधान डिझरेली होता व भारतमंत्री सॉल्झबरी. यावरून १८५७ चें भाषण केवळ विरोधकाचा आवेश होतें, असा निकाल देतां येत नाहीं. त्यांतील तत्त्व म्हैसुरास व बडोद्यास फळलें. ज्या साताऱ्याच्या नांवानें तें मांडिलें गेलें, त्या साताऱ्यास फळलें नाहीं. हा निष्कर्ष चरित्र वाचून हातीं येत नाहीं. चरित्र, पार्लमेंटचा वृत्तांत व आपल्याकडील कागद हीं तिन्ही शेजारीं मांडल्यावर येतो.

[ ५ ]

लेडी ग्वेन्डोलनचा ग्रंथ वाङ्मयदृष्ट्या तिन्हींत सरस आहे. पित्याच्या सहवासांत आयुष्य घालविलेल्या या बाईची शैली संयमी असून स्तुतीचा सूर ती सहसा चढवीत नाहीं. दोष आहे तो ग्रंथाच्या अपुरेपणाचा. चरित्र १८९२ पाशीं थांबतें. सॉल्झबरी मात्र १८९५ ते १९०२ पर्यंत पुन्हां मुख्य प्रधान होता. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ, १८९७ तील पुण्याचा प्लेग, त्याच वर्षींचा रँडचा खून व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा पहिला खटला, हें सर्व त्या सात वर्षांतलें. म्हणजे महाराष्ट्राच्या अभ्यासकाला ज्या भागाची निकड अधिक, नेमका तोच भाग या ग्रंथांत नाहीं.

सॉल्झबरीच्या बाबतींत दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली ओरिसाच्या दुष्काळाची. जुलै १८६६ त तो भारतमंत्री झाला, तेव्हां दुष्काळाच्या सूचना आलेल्या होत्या. दोन महिने आपण कांहीं केलें नाहीं, तोंवर पावसाळ्यानें ओरिसाचीं बंदरें बंद होऊन मदत अशक्य झाली, आणि त्या दोषांतून आपण पूर्ण मोकळे आहों असें आपणांस कधींच वाटलें नाहीं, असें त्यानें पुढें स्वतः मान्य केलें. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं असें मानितात. राज्यकर्त्याच्या तोंडची इतकी सरळ कबुली विरळा. तिच्यामुळें अपराध हलका होत नाहीं. पण अशा माणसाच्या कागदांचें मोल मात्र वाढतें.

दुसरी गोष्ट १८७५ च्या टिपणाची. हिंदुस्थानाचें रक्त काढावयाचेंच आहे, तर शस्त्र जेथें रक्त सांचलें आहे तेथें लावावें, आधींच अशक्त झालेल्या भागास लावूं नये, अशा आशयाचें वाक्य सॉल्झबरीनें त्यांत लिहिलें. दादाभाई नौरोजींनीं या वाक्याचा आपल्या लेखांत व भाषणांत वारंवार उपयोग केला, आणि त्यांतलें 'रक्त काढावयाचें आहे' एवढेंच आपल्याकडे पाठ झालें. मूळ टिपण सबंध वाचिलें तर त्याचा विषय करपद्धति आहे, असें दिसेल. भांडवल जेथें कमी त्या खेड्यांतून बहुतेक वसूल काढावा आणि संपन्न शहरें सोडावीं, हें शहाणपणाचें नव्हे. कुणब्यावरील भार कमी व्हावा, हा त्याचा मुद्दा. यावरून सॉल्झबरीचे वकील म्हणतात कीं, दादाभाईंनीं वाक्य संदर्भांतून तोडलें.

माझें मत निराळें आहे. संदर्भ जोडल्यानें दादाभाईंची बाजू लंगडी पडत नाहीं, उलट बळकट होते. कारण त्याच ठिकाणीं सॉल्झबरी असें लिहितो कीं, हिंदुस्थानच्या वसुलाचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष मोबदल्यावांचून देशाबाहेर जातो, म्हणून ही हानि तेथें अधिकच जाणवते. संपत्तीचा ओघ बाहेर जातो हा दादाभाईंचा सिद्धान्त. आणि तो येथें भारतमंत्र्यानें, कोणी न विचारतां, आपल्या कचेरीच्या कागदावर गृहीत धरिला आहे. विरोधकाला उत्तर देतांना मनुष्य शब्द तोलतो. आपसांत टिपण लिहितांना तोलीत नाहीं. अशा कागदाचें प्रामाण्य जाहीर भाषणाहून अधिक धरावें, हा आपला नेहमींचा नियम येथेंही खरा ठरतो. दोन्ही पक्षांस सांगणें इतकेंच कीं, टिपण सबंध छापावें.

याच सॉल्झबरीनें १८८८ त एडिंबरोच्या भाषणांत, दादाभाईंच्या दोन वर्षांपूर्वींच्या उमेदवारीचा उल्लेख करितांना, इंग्रज मतदार काळ्या माणसास निवडून देणार नाहींत अशा अर्थाचे उद्गार काढले. १८९२ त दादाभाई लंडनमधूनच निवडून आले. १८९५ त मुंबईचे मंचेरजी भावनगरी हे लंडनच्या बेथनल ग्रीन भागांतून निवडून आले, तेही खुद्द सॉल्झबरीच्या पक्षातर्फे. आणि १९०६ पर्यंत ते सभासद राहिले. पुढाऱ्याचें वाक्य व पक्षाचें वर्तन यांचा मेळ असतोच असें नाहीं, हें दाखविण्यास याहून जवळचें उदाहरण नाहीं.

[ ६ ]

लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल १८८४-८५ च्या हिवाळ्यांत हिंदुस्थान पाहून गेला, आणि जून १८८५ त भारतमंत्री झाला. त्याच्या अमदानींत ब्रह्मदेशावर स्वारी झाली व १ जानेवारी १८८६ रोजीं तो देश खालसा झाला. नारायण गणेश चंदावरकर, मनमोहन घोष व रामस्वामी मुदलियार हे तिघे हिंदुस्थानची बाजू इंग्रज मतदारांपुढें मांडण्यास गेले, तें याच १८८५ सालीं.

पुत्रानें लिहिलेलें त्याचें चरित्र वाचनीय आहे. भाषा ओघवती, प्रसंगांची मांडणी कुशल. परंतु संशोधकास या ग्रंथाइतका धोक्याचा इशारा दुसरा नाहीं. १९०६ त पुस्तक निघालें तेव्हां लेखक स्वतः दोन वर्षांपूर्वीं हुजूरपक्ष सोडून उदारपक्षास मिळालेला होता. आपला पिता त्या पक्षांत राहूनही खरा लोकपक्षीय होता आणि पक्षानेंच त्याला दगा दिला, असें दाखविण्यांत लेखकाचा उघड हितसंबंध होता. रॉय फॉस्टर या इतिहासकारानें १९८१ त प्रसिद्ध केलेल्या रँडॉल्फच्या चरित्रांत मूळ पत्रांशीं ताडून असें दाखविलें कीं, पुत्रानें गैरसोयीचा मजकूर गाळला व कांहीं ठिकाणीं फिरविला.

आपण सामान्यतः असें धरून चालतों कीं, लेखकाच्या विधानावर शंका घ्यावी, पण त्यानें छापिलेलें पत्र तरी अस्सल मानावें. हा भरंवसा येथें तुटतो. छापील पत्र हें अस्सल पत्र नव्हे. तें अस्सल पत्राची एक नक्कल आहे, आणि नक्कल करणाराचा हेतु तिच्यांत शिरूं शकतो. नकलेवर 'मूळ बरहुकूम' असा शेरा असला, तरी मूळ पाहिल्याखेरीज आपण तो मानीत नाहीं. लंडनच्या प्रकाशकाच्या छापास निराळा न्याय कां असावा ?

[ ७ ]

तिन्ही ग्रंथांची प्रतवारी अशी लागते : विश्वासार्हतेंत मनिपेनी व बकल पहिले, लेडी ग्वेन्डोलन दुसरी, विन्स्टन चर्चिल तिसरा, वाचनीयतेंत हा क्रम जवळजवळ उलटा होतो. ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. कागद जों जों जास्त छापावे तों तों कथा अडखळते. आणि कथा सुरळीत वाहूं लागली कीं कांहीं कागद बाजूस पडले असावे, असा संशय धरावा.

सुदैवानें आतां मूळ साधनें बंदिस्त नाहींत. डिझरेलीचे कागद व खुद्द हुजूरपक्षाचें दप्तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत, पीलचे ब्रिटिश लायब्ररींत, सॉल्झबरीचे हॅटफील्ड येथील त्याच्या घराण्याच्या वाड्यांत व विन्स्टन चर्चिलचे केंब्रिजला आहेत. डिझरेलीचीं पत्रें कॅनडांतील विद्वानांनीं १९८२ पासून खंडशः संपादून छापलीं. संपादन कसें करावें याचा तो वस्तुपाठ आहे.

आणखी एक बदल ध्यानांत घ्यावा. पूर्वीं पुढाऱ्याचें चरित्र मुलगा किंवा मुलगी लिही. आतां पुढारी स्वतःच लिहितो. मार्गारेट थॅचर हिनें १९९३ त, डेव्हिड कॅमेरॉन यानें २०१९ त व बोरिस जॉन्सन यानें २०२४ त आपापली हकीकत प्रसिद्ध केली. त्याच पक्षाचे ऋषि सुनक हे २०२२ ते २०२४ पर्यंत मुख्य प्रधान होते. हिंदुस्थानी वंशाचा मुख्य प्रधान इंग्लंडांत त्यांच्यापूर्वीं झाला नव्हता. २०२४ च्या निवडणुकींत पक्षास केवळ १२१ जागा मिळाल्या. या काळाचे सरकारी कागद खुले होण्यास वर्षें जावीं लागतील. तोंपर्यंत जें हातीं येईल तें आप्ताचें नव्हे, तर प्रत्यक्ष पक्षकाराचें वाक्य होय. आणि पक्षकाराच्या जबानीस पुराव्याचा जो दर्जा देतात, तोच त्यास द्यावा.

आपल्या संग्राहकांस माझी एक सूचना आहे. सातारा, बडोदें, धार, कोल्हापूर या राज्यांच्या वकिलांनीं व कारकुनांनीं लंडनहून धाडलेलीं पत्रें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं प्रत्येक पत्राच्या तारखेशेजारीं त्या दिवशीं अधिकारावर कोणाचें मंत्रिमंडळ होतें व बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष किंवा भारतमंत्री कोण होता, हें लिहून काढावें. पत्रांत ज्या इंग्रज गृहस्थांचीं नांवें अपभ्रष्ट होऊन आलीं आहेत, त्यांतील कित्येकांची ओळख तेवढ्यानें पटेल. मग चरित्रग्रंथ उघडावा, आणि ज्या दिवशीं आपला मनुष्य त्यांच्या दारीं उभा होता त्या दिवसाबद्दल तो काय सांगतो हें पाहावें. बहुधा कांहींच सांगत नसेल. तेथें आपलें पत्र छापण्याची वेळ आली असें समजावें.